थोरवी नको, फजिती सांगा

मराठी माणूस सल्ला द्यायला सहसा मागेपुढे पाहत नाही. गुडघेदुखीवर काय चोळावं, फ्लॅट कितव्या मजल्यावर घ्यावा, मुलीला कॉमर्सला घालावं की सायन्सला, याची उत्तरं विचारायच्या आत मिळतात. पण एखाद्या जाणकाराला 'जॅझ ऐकायला सुरुवात करायची आहे, कुठला अल्बम ऐकू?' एवढं विचारून पाहा. तो आधी चष्मा काढतो, शर्टाच्या टोकानं पुसतो, पुन्हा डोळ्यांवर चढवतो आणि म्हणतो, "असं एका वाक्यात नाही सांगता यायचं. आत्तापर्यंत काय काय ऐकलंयस?"

हा प्रश्न नव्हे, ही उलटतपासणी असते. तुम्ही बिचारे खरं बोलून जाता, "केनी जी." झालं! जाणकार पुढची दोन मिनिटं बोलतच नाही. वास्तविक केनी जीचा सॅक्सोफोन आपण सगळ्यांनीच ऐकलेला असतो, लिफ्टमध्ये आणि दातांच्या दवाखान्यात. चीनमध्ये तर त्याची 'गोइंग होम' ही धून लागली की दुकान बंद व्हायची वेळ झाली असं समजून गिऱ्हाइकं मुकाट्यानं घरची वाट धरतात. एवढ्या मोठ्या देशाला वेळेवर घरी पाठवणं हे काही लहानसहान काम नाही. पण जाणकारांच्या दरबारात ते कर्तृत्वात जमा होत नाही.

या जाणकारांच्या चार जाती आहेत. पहिले इतिहासवाले. 'सुरुवातीपासून ऐक' हा त्यांचा खाक्या. सुरुवात म्हणजे १९१७. त्या वर्षी ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँड या गोऱ्या वादकांच्या ताफ्यानं जी रेकॉर्ड काढली, ती जॅझची पहिली रेकॉर्ड मानतात. तिच्यावरच्या 'लिव्हरी स्टेबल ब्लूज'मध्ये क्लॅरिनेट कोंबड्यासारखी आरवते, कॉर्नेट घोड्यासारखी खिंकाळते आणि ट्रॉम्बोन गाईसारखा हंबरतो. पुढे या तबेल्याचा मालक कोण, यावर शिकागोच्या कोर्टात खटला उभा राहिला आणि न्यायाधीशांनी दोन्ही पक्षांना हात हलवत परत पाठवलं. मामला मोठा रंगतदार आहे. पण इतिहासवाले त्यातला कोंबडा, घोडा, गाय आणि न्यायाधीश गाळतात आणि आपल्याला फक्त साल सांगतात.

दुसरे कठीणवाले. सोप्यापासून सुरुवात केली तर माणूस बिघडतो, अशी यांची श्रद्धा. त्यामुळे ते नवख्याच्या हातात थेट ऑर्नेट कोलमनचा 'द शेप ऑफ जॅझ टू कम' देतात. १९५९ चा हा अल्बम कोलमननं प्लॅस्टिकच्या सॅक्सोफोनवर वाजवला. पियानो नाही, त्यामुळे धरायला कठडा नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही चाचरत सांगता की फारसं कळलं नाही. कठीणवाले खूश होऊन म्हणतात, "म्हणजे बरोबर चाललंय."

तिसरे यंत्रवाले. "कुठला अल्बम?" या प्रश्नावर त्यांचा प्रतिप्रश्न, "ऐकणार कशावर?" मग सुई, कार्ट्रिज, स्पीकरच्या तारा, जपानी प्रेसिंग, मोनो प्रेसिंग. त्यांच्या घरी ऐकायला गेलात तर पहिला तासभर स्पीकरचा कोन बदलण्यात जातो आणि एकदाची रेकॉर्ड लागली की ते तुमचा दंड घट्ट धरून कुजबुजतात, "ऐकलंस? मागे कुणीतरी खुर्ची सरकवली!" तुम्ही घरी येता तेव्हा तुमच्या लक्षात फक्त ती खुर्ची असते.

आणि चौथे, सगळ्यांत घातक, ते थोरवीवाले. 'विसाव्या शतकातली सर्वोच्च कलाकृती', 'यापुढे संगीत उरतच नाही', 'डोळ्यांत पाणी आलं नाही तर तुझ्यात काहीतरी कमी आहे'. एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस गाणं ऐकायला बसत नाही, परीक्षेला बसतो. पाचव्या मिनिटाला डोळ्यांत पाणी आलेलं नसतं, जांभई मात्र आलेली असते. ती तो गिळतो, 'छानच आहे हो' म्हणतो आणि आयुष्यात पुन्हा जॅझच्या वाटेला जात नाही.

माझा अनुभव असा, की थोरवी सांगून अल्बम खपत नाही. फजिती सांगितली तर खपतो. आणि जॅझ-ब्लूजच्या बाबतीत फजित्यांचा साठा अपरंपार आहे. थोर थोर अल्बमांचे पाय धरायला जावं, तर पायाखाली एखादा सणसणीत घोटाळा सापडतो.

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले काका बँकेतून निवृत्त झालेत. सवाई गंधर्व महोत्सवाला पहिल्या दिवसापासून शेवटच्या भैरवीपर्यंत भारतीय बैठकीत बसणारे. पाश्चात्त्य संगीताबद्दल त्यांचं मत एका शब्दात मावायचं. "गोंगाट." त्यांना थोरवी ऐकवून उपयोग नव्हता. थोरवीचा त्यांच्याकडे स्वतःचा भरपूर साठा आहे. म्हणून मी फक्त गोष्ट सुरू केली.

"काका, १९७५ चा जानेवारी. जर्मनीतलं कोलोन शहर. ऑपेरा हाउसमध्ये कीथ जॅरेट नावाच्या अमेरिकन पियानोवादकाचा कार्यक्रम. ठेवणारी पोरगी सतरा-अठरा वर्षांची."

"सतरा-अठरा? आमच्या मंडळात साठीच्या आत कुणाला खजिनदारसुद्धा करत नाहीत."

"त्यानं मोठा बोझेनडॉर्फर पियानो मागितला होता. स्टेजवर निघाला तालमीचा, लहान. सुरात नाही, पेडल धड चालत नाही, वरच्या पट्ट्या पत्र्यासारख्या वाजतायत आणि खालच्यांना दम नाही."

"भाड्याचा असणार," काकांनी निदान केलं.

"त्यात हा स्वित्झर्लंडहून मोटारीनं आलेला. झोप नाही, पाठ धरलेली. जेवण सांगितलं तर तेही वेळेवर आलं नाही."

"मग वाजवणार नाही म्हणाला असेल. म्हणायलाच पाहिजे!"

"म्हणाला ना. पोरीनं गयावया केली. तिकिटं संपलेली, चौदाशे माणसं यायची होती. आणि त्या हॉलमध्ये आधी ऑपेरा होता, म्हणून कार्यक्रम सुरू झाला रात्री साडेअकराला."

इथे काका पुढे सरकून बसले. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा नियम आल्यापासून त्यांना रात्रभराच्या मैफलीची तहान लागलेली आहे. "साडेअकराला! मग काय वाजवलं?"

"ठरलेलं काहीच नव्हतं. त्या हॉलमध्ये कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी जी घंटी वाजते, तिचेच सूर घेऊन सुरुवात केली. लोक हसले. मग वरच्या पट्ट्या टाळत मधल्या पट्ट्यांत राहिला आणि खालचा आवाज पोचावा म्हणून डाव्या हातानं एकच बांधणी पुन्हा पुन्हा घोळवत ठेवली."

"लाव," काका म्हणाले.

'द कोलोन कॉन्सर्ट'चा पहिला भाग सव्वीस मिनिटांचा आहे. काका डोळे मिटून, उजवी तर्जनी मांडीवर ठेवून ऐकत होते. मधेच एक डोळा उघडून त्यांनी विचारलं, "हे कण्हतंय कोण?"

"तोच. वाजवताना त्याचा आवाज निघतो."

"मग रंगलाय," असा शेरा मारून त्यांनी डोळा पुन्हा मिटला. संपल्यावर थोडा वेळ थांबून म्हणाले, "ठेका धरून शांतपणे बढत करतोय. घाई नाही. एवढं सगळं त्या मोडक्या पेटीवर! आणि तुम्ही लोक याला गोंगाट म्हणता?" एवढं मलाच सुनावून ते दूध आणायला गेले. ही रेकॉर्ड जगात लाखोंनी खपली आहे. तिच्या थोरवीवर लेख लिहिणारे खूप झाले, पण काकांना ऐकायला बसवलं ते त्या बेसुऱ्या पियानोनं.

तेव्हापासून मी शिफारशी माणूस बघून करतो आणि अल्बमाबरोबर त्याची फजिती बांधून देतो.

ज्यांना स्टेजवर शब्द विसरायची धास्ती असते, त्यांना एला फिट्झगेराल्डचा 'मॅक द नाइफ : एला इन बर्लिन'. फेब्रुवारी १९६०, बर्लिनचा अवाढव्य हॉल, समोर बारा हजारांच्या आसपास श्रोते आणि गाण्याच्या मध्यावर बाई शब्द विसरल्या. आपल्याकडे शब्द विसरला की गायक आधी माइककडे संशयानं बघतो, मग तबलजीकडे. एलानं, आपण शब्द विसरलो आहोत हेच त्याच चालीवर, त्याच तालात, यमकात बसवून गायला घेतलं. हे गाणं आधी गाऊन गाजवलेल्या लुई आर्मस्ट्राँग आणि बॉबी डॅरिन यांना त्यात ओढलं, आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कलही करून घेतली. या विस्मरणाला ग्रॅमी मिळालं. स्मरणशक्तीला असा पुरस्कार मिळाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

ज्यांचा कान सुराला काटेकोर आहे, त्यांच्यासाठी माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू'. हा थोरवीवाल्यांचा मुख्य देव. १९५९ च्या मार्च-एप्रिलमधल्या दोन दिवसांत, न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावर पूर्वी चर्च असलेल्या स्टुडिओत तो रेकॉर्ड झाला. माइल्सनं आणलेली टिपणं वादकांनी तिथेच पाहिली आणि बहुतेक गाणी फारशी घासाघीस न करता उतरली. सोबतीला जॉन कोल्ट्रेन, कॅननबॉल ॲडर्ली आणि पियानोवर बिल इव्हान्स. यातला एकही सूर जागचा हलवता येत नाही, असं थोरवीवाले सांगतात. गंमत अशी, की मार्चच्या दिवशी टेपचं यंत्र किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे रेकॉर्ड नेहमीच्या गतीनं वाजवली की पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मूळ सुरापेक्षा जरा चढी वाजत. ही चूक दुरुस्त झाली १९९२ मध्ये! म्हणजे तीसहून जास्त वर्षं, एकही सूर हलवता येत नाही म्हणून जे गाणं दाखवलं जात होतं, त्यातले सगळेच सूर जागचे हललेले होते. त्या रेकॉर्डबरोबर रियाज करणारी किती पोरं आपलंच वाद्य उतरलंय समजून खुंट्या पिळत बसली असतील!

गणेशोत्सवाच्या मंडळात ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्यांना मी 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट' देतो. ७ जुलै १९५६. ड्यूक एलिंग्टनचा बँड तेव्हा जुना झाला म्हणून लोकांनी जवळजवळ मोडीत काढला होता. रात्र उतरणीला लागलेली, लोक उठायच्या बेतात. तेवढ्यात पॉल गोन्साल्विस टेनर सॅक्सोफोन घेऊन पुढे आला. नावावरून हा म्हापशाचा वाटतो, पण याचं मूळ केप व्हर्दे बेटांवरचं. पोर्तुगीज तिथेही गेले होते आणि आडनावं वाटून आले होते. या गोन्साल्विसनं ब्लूजची सत्तावीस आवर्तनं सलग वाजवली. काळ्या पोशाखातली एक बाई उठून नाचायला लागली आणि पाठोपाठ सगळं मैदान पेटलं. दीडेक महिन्यात 'टाइम'च्या मुखपृष्ठावर एलिंग्टनचा चेहरा होता. आपला जन्म न्यूपोर्टलाच झाला, असं तो पुढे सांगत असे. फक्त एक घोळ झाला. गोन्साल्विस भलत्याच माइकसमोर उभा राहिला. तो माइक व्हॉइस ऑफ अमेरिका या नभोवाणीचा होता. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीच्या टेपवर या ऐतिहासिक प्रसंगात ऐतिहासिक सॅक्सोफोनच लांबून ऐकू येत होता. कंपनीनं काही भाग स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतला, वर टाळ्या चिकटवल्या आणि लोक त्यावरही चाळीसेक वर्षं खूश राहिले. पुढे नभोवाणीची टेप सापडली आणि १९९९ मध्ये दोन्ही जोडून खरा कार्यक्रम बाहेर आला. 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठा दिलासा नाही.

ऑफिसात एकाच कामाचे पंचवीस मसुदे करून थकलेल्यांना थेलोनियस मंकचा 'ब्रिलियंट कॉर्नर्स'. १९५६ च्या शेवटी मंकनं ही शीर्षकधून समोर ठेवली, तेव्हा सॉनी रोलिन्स आणि मॅक्स रोच असे दिग्गज हजर होते. चार तास, पंचवीसच्या आसपास टेक, आणि एकही टेक सुरुवातीपासून शेवटपर्यंत धड नाही. त्यातल्या एकात बेसचा आवाजच येईना. निर्माता माइक तपासून दमला. मग लक्षात आलं, बेसवाला ऑस्कर पेटिफर्ड वैतागून नुसते हात हलवत होता. आरतीला उभ्या असलेल्या, पण 'लंबोदर पीतांबर'च्या पुढचे शब्द न येणाऱ्या माणसाची ही कला आपल्याला अनोळखी नाही. पण ती इतक्या उच्च पातळीवरही वापरतात हे कळलं की बरं वाटतं. शेवटी निर्मात्यानं तुकडे जोडून धून पुरी केली. जोड कुठे आहे ते शोधत ऐका, तोवर धून आवडलेली असते.

तबल्याचं अंग असलेल्यांना डेव्ह ब्रुबेकचा 'टाइम आउट'. ब्रुबेक १९५८ मध्ये अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर मुंबईला आला होता आणि सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवूनही गेला. पुढच्या वर्षी त्यानं हा अल्बम केला. कंपनीच्या लोकांनी नाक मुरडलं. लोकांच्या ओळखीची गाणी नाहीत, नाचता येईल असा ठेका नाही, मुखपृष्ठावर फोटोऐवजी आकृत्यांचं चित्र. खपणार कसं? त्यातली पाच मात्रांची 'टेक फाइव्ह' ही धून सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडनं लिहिली, ती मुख्यतः ड्रमवाल्या जो मोरेलोला सोलो वाजवायला जागा मिळावी म्हणून. ती दहा लाखांवर खपली. झपतालाच्या दहा मात्रा झोपेतही मोजणाऱ्या माणसाला पाच मात्रांचं एवढं कौतुक कशाला, असं वाटेल. आणि त्याला तसं वाटलं की तो मोजायला लागतो, मोजायला लागला की अडकतो. डेझमंडनं मरताना या धुनेचं उत्पन्न अमेरिकन रेडक्रॉसला दिलं. त्यामुळे ही धून ऐकताना आपण समाजकार्यही करतोय, असं घरी सांगता येतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींसाठी माझ्याकडे एकच अल्बम आहे, सॉनी रोलिन्सचा 'द ब्रिज'. १९५९ मध्ये, नावारूपाला आलेला असताना, रोलिन्सनं कार्यक्रम थांबवून रियाजाला बसायचं ठरवलं. पण शेजारी गरोदर बाई राहत होती, तिला त्रास नको. म्हणून हा गृहस्थ सॅक्सोफोन उचलून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊ लागला. दिवस नाही, रात्र नाही, थंडी नाही. वरून गाड्या, खालून बोटी आणि मधे हा. दोनेक वर्षांनी परत आला, तेव्हा १९६२ मध्ये निघालेल्या अल्बमला त्यानं पुलाचंच नाव दिलं. पुढे हाच रोलिन्स योगाच्या ओढीनं मुंबईत पवईच्या आश्रमात राहून गेला आणि १९७८ मध्ये मुंबईच्या पहिल्या जॅझ यात्रेतही वाजवून गेला. सेक्रेटरींनी ही गोष्ट लक्षपूर्वक ऐकली आणि तळमजल्यावर ड्रम शिकणाऱ्या मुलाला जवळचा पूल कुठला, याची चौकशी सुरू केली.

आता ब्लूज. ब्लूजच्या शिफारशीत मुख्य अडचण अशी, की 'दुःखाचं संगीत' म्हटलं की विचारणारा म्हणतो, "नको, घरी आधीच बरंच आहे." तिथे दुःख बाजूला ठेवावं आणि सैतान पुढे करावा. मिसिसिपीचा रॉबर्ट जॉन्सन म्हणे मध्यरात्री तिठ्यावर गेला आणि आत्मा गहाण टाकून गिटार शिकून आला. आपल्याकडे तिठ्यावर उतारा ठेवतात आणि मागे वळून न बघता घर गाठतात. हा तिथे क्लास लावायला गेला. प्रत्यक्षात त्यानं १९३६ मध्ये सॅन अँटोनियोत आणि १९३७ मध्ये डॅलसमध्ये मिळून एकोणतीस गाणी रेकॉर्ड केली आणि १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स' ही एलपी निघाली १९६१ मध्ये, आणि मग इंग्लंडातली पोरं ती ऐकून, ही गिटार दोघं वाजवतायत की काय, म्हणून डोकं खाजवत बसली. तुम्हीही खाजवा.

त्यानंतर बी. बी. किंगचा 'लाइव्ह ॲट द रीगल'. १९६४ मध्ये शिकागोच्या रीगल थिएटरात रेकॉर्ड झालेला. यात श्रोते एवढे ओरडतात की त्यांचंही नाव वादकांत छापायला हवं होतं. किंगच्या गिटारचं नाव ल्युसिल. १९४९ च्या हिवाळ्यात अर्कान्सातल्या एका नाचघरात दोन बाप्ये मारामारीला आले, उबेसाठी पेटवलेलं रॉकेलचं पिंप लवंडलं आणि आग लागली. किंग बाहेर पळाला, मग गिटार आत राहिली म्हणून पुन्हा आगीत घुसला. मारामारी ज्या बाईवरून झाली तिचं नाव ल्युसिल. असला मूर्खपणा पुन्हा करायचा नाही, ही आठवण राहावी म्हणून त्यानं गिटारला तेच नाव दिलं आणि पुढच्या प्रत्येक गिटारलाही. माणसं डायरीत लिहितात, यानं वाद्यावर लिहिलं.

आणि शिफारशीच्या कलेतला कळस म्हणजे हाउलिन' वुल्फचा १९६९ चा अल्बम. कंपनीनं त्याची जुनी गाणी नव्या झिंगलेल्या ढंगात करून घेतली. त्याला ती मुळीच पसंत पडली नाहीत. मग कंपनीनं पांढऱ्या मुखपृष्ठावर काळ्या अक्षरांत चक्क तसंच छापलं: हा वुल्फचा नवा अल्बम आहे, त्याला तो आवडलेला नाही, आणि इलेक्ट्रिक गिटारही त्याला सुरुवातीला आवडली नव्हती. एवढी प्रामाणिक जाहिरात मी दुसरी पाहिलेली नाही. अर्थात वुल्फ ऐकायचाच तर आधी १९६२ चा, मुखपृष्ठावर डुलती खुर्ची असलेला अल्बम ऐकावा. तो आवाज ऐकल्यावर, या माणसाला न आवडणारं काही छापायची कंपनीची हिंमत कशी झाली, याचं जास्त नवल वाटतं.

मात्र सगळ्याच गोष्टी हसून सांगायच्या नाहीत, हेही ध्यानात ठेवावं लागतं. 'काइंड ऑफ ब्लू' बाजारात आला १७ ऑगस्ट १९५९ ला. आठव्या दिवशी, न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबच्या दारात, पाटीवर स्वतःचं नाव झळकत असताना, माइल्स डेव्हिस सिगारेट ओढत उभा होता. एका गोऱ्या बाईला टॅक्सीत बसवून तो नुकताच वळला होता. पोलिसानं हटकलं, 'मी इथेच वाजवतो' म्हणाला, तर डोकं फुटेपर्यंत मार खाल्ला आणि वर अटक. त्याच वर्षी चार्ल्स मिंगसनं 'मिंगस आह उम'मध्ये अर्कान्साचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याची टर उडवणारी धून वाजवली. काळ्या मुलांना शाळेत शिरू न देण्यासाठी सैनिक उभे करणारा हा गव्हर्नर. कंपनीनं शब्द गाऊ दिले नाहीत. मिंगसनं पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडे जाऊन ते गायले. चुकीचा माइक, विसरलेले शब्द यांच्यातून ही माणसं वाट काढू शकली, कारण वाट काढण्याचा सराव त्यांना रोज रस्त्यावरच होत होता. ही गोष्ट सांगायची ती अल्बम ऐकवून झाल्यावर. आधी सांगितली की लोक सहानुभूतीनं ऐकतात, आणि सहानुभूतीनं ऐकलेल्या गाण्यावर पाय हलत नाही.

एवढं करूनही 'हे आपलं नाही हो' म्हणणारे भेटतातच. त्यांच्यासाठी 'अलबेला'. १९५१ च्या या सिनेमात भगवानदादा नाचतात आणि पडद्यावर बँड घेऊन जो वाजवतोय, तो चिक चॉकलेट. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, गोव्याचा ट्रम्पेटवाला. हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून मुंबईत ओळखला जायचा आणि संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर अण्णा, यांचा साहाय्यक होता. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला काळ्या वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, तेव्हापासून मुंबईला या वाजवण्याचा नाद लागला. गोव्याची मंडळी रात्री हॉटेलांत स्विंग वाजवत आणि दिवसा तोच हात सिनेमाच्या स्टुडिओत चालवत. म्हणजे भगवानदादांच्या स्टाइलनं मिरवणुकीत नाचणाऱ्या तीन पिढ्या जॅझवर नाचून मोकळ्या झाल्या आहेत. आता घरात बसून ऐकायला हरकत कसली?

या पद्धतीचा एक धोका मात्र मी सांगून ठेवतो. परवा जिन्यात काका तिसऱ्या मजल्यावरच्या मंडळींना खिळवून उभे होते. "पियानोला अर्ध्या पट्ट्याच नव्हत्या," ते सांगत होते. "मुलगी बारा वर्षांची. बाहेर गुडघाभर बर्फ. आणि हा दोन दिवसांचा उपाशी!"

"काका, सतरा-अठरा वर्षांची होती," मी हळूच म्हटलं. "आणि पट्ट्या सगळ्या होत्या."

काकांनी मला बाजूला घेतलं. "तू आधी सांगितलंस तसं यांना सांगितलं होतं. एकानंही लावलं नाही. काल बारा वर्षं म्हटलं, तर दोघांनी रात्रीच ऐकलं. आता बोल!"

बोलण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या गणपतीपर्यंत पियानोच नव्हता, अशी कथा होईल आणि उरलेले मजलेही ऐकतील. रॉबर्ट जॉन्सनला तिठ्यावर सैतान कुणी भेटवला असेल, याबद्दल माझ्या मनात आता काडीचीही शंका नाही. मिसिसिपीत कुठल्यातरी जिन्यात असेच कुणी काका असणार.